गाडी एकच, लोगो दोन: क्वालिटीत खरंच फरक असतो का?



पिकअपवरचा व्हिडिओ टाकल्यापासून आपल्या बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, दोन कंपन्यांची गाडी आतून एकच आहे म्हणतात. इंजिन तेच, चेसिस तीच, फक्त पुढचा लोगो वेगळा. मग एक चांगली आणि दुसरी हलकी असं असतं का? की शोरूमवाले नुसतं सांगतात?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे पैसा मोठा आहे. आपल्या झरीकडच्या किंवा जिंतूर, सेलू, मानवतकडच्या मुलासाठी धंद्याची गाडी म्हणजे बहुतेक वेळा आयुष्यातलं पहिलं मोठं कर्ज असतं. घरी वडिलांनी कुठेतरी सही केलेली असते. पाच वर्षं हप्ता भरायचा असतो. त्यामुळे "मित्राकडे तीच आहे" किंवा "हा लोगो भारी दिसतो" एवढ्यावर निर्णय घेऊ नका. आज हा विषय नीट समजून घेऊ.

आधी थोडक्यात उत्तर देतो. दोन गाड्या एकाच कारखान्यात, एकाच डिझाइनवर तयार होत असतील, तर लोखंडात आणि इंजिनात सहसा फरक नसतो. फरक असतो तो गाडी शोरूमच्या बाहेर पडल्यानंतर. वॉरंटी किती, सर्व्हिस किती लांब, पार्ट किती दिवसांत मिळतो आणि विकताना भाव काय येतो, हे चार प्रश्न खरे. धंदेवाल्यासाठी गाडीची क्वालिटी म्हणजे ही चार उत्तरं धरून.

आता पुरावा बघू.

कंपन्या असं का करतात?

नवीन गाडी शून्यापासून बनवायची तर डिझाइन, पत्र्याचे साचे, इंजिनच्या चाचण्या, सरकारी मंजुऱ्या, यावर शेकडो कोटी जातात. हा खर्च जितक्या जास्त गाड्यांवर वाटला जाईल, तितकी एक गाडी स्वस्त पडते. म्हणून दोन कंपन्या करार करतात. एक बनवते, दुसरी आपला लोगो लावून आपल्या शोरूममधून विकते. कधीकधी दोन्ही लोगो एकाच ग्रुपचे असतात.

तुम्ही दुकानदारीत हे रोज बघता. एकाच कारखान्यातला मसाला दोन वेगळ्या पाकिटांतून येतो. माझ्या दुकानातही असा माल आहे. मसाला तोच असतो, पण एक कंपनी खराब पाकीट दुसऱ्या दिवशी बदलून देते आणि दुसरीचा सेल्समन महिनाभर फिरकत नाही. दुकानदाराला या दोन मालांत फरक नाही असं कोण म्हणेल?

आपल्याकडची खरी उदाहरणं

अगदी हुबेहूब जुळी पिकअप आपल्या बाजारात फारशी नाहीत. पण व्हॅन आणि कारमध्ये आहेत, आणि त्यातून शिकायला भरपूर मिळतं.

पहिलं उदाहरण अशोक लेलँड आणि निसानचं. अशोक लेलँड ही मोठ्या ट्रक-बसची कंपनी. छोट्या मालवाहू गाड्यांत तिला उतरायचं होतं. निसानकडे छोट्या गाड्यांचं तंत्र होतं. २००८ मध्ये दोघांच्या भागीदारीतल्या कंपन्या उभ्या राहिल्या. त्यातून २०११ मध्ये 'दोस्त' आला, जो आज आपल्या मोंढ्यात तुम्ही रोज बघता. पुढे निसानने २०१२ मध्ये 'इवालिया' ही व्हॅन आणली आणि २०१३ मध्ये तीच व्हॅन अशोक लेलँडने 'स्टाइल' या नावाने आणली. दोन्ही चेन्नईजवळच्या ओरगडमच्या कारखान्यात बनायच्या. दीड लिटरचं डिझेल इंजिनही तेच.

मग दोन्ही अगदी सारख्या होत्या का? नाही. इवालियाचं इंजिन सुमारे ८५ हॉर्सपॉवरला सेट केलेलं होतं, स्टाइलचं ७५ ला. स्टाइलची किंमत कमी ठेवली होती, कारण ती टॅक्सी, हॉटेल, कुरिअर अशा धंदेवाल्यांना विकायची होती. म्हणजे 'इंजिन एकच' हे वाक्य खरं असूनही अर्धंच होतं. सेटिंग वेगळं होतं.

या गोष्टीचा शेवट जास्त महत्त्वाचा आहे. स्टाइल २०१५ मध्ये बंद झाली. २०१६ मध्ये भागीदारीच मोडली आणि निसानचा हिस्सा अशोक लेलँडने घेतला. दोस्त मात्र चालू राहिला, आजही विकला जातो. का? कारण तो खपला होता, त्याला गिऱ्हाईक होतं, रस्त्यावर गाड्या होत्या. दोन्ही गाड्या त्याच भागीदारीतून आलेल्या, पण एकीचं नशीब वेगळं आणि दुसरीचं वेगळं. तुम्ही हप्ता पाच वर्षं भरणार, तर मॉडेल तेवढी वर्षं टिकेल का, हाही क्वालिटीचाच प्रश्न आहे.

दुसरं उदाहरण मारुती बलेनो आणि टोयोटा ग्लान्झा. २०१८ मध्ये सुझुकी आणि टोयोटा यांनी एकमेकांना गाड्या पुरवायचं ठरवलं. जून २०१९ मध्ये ग्लान्झा आली. ती सुझुकीच्याच गुजरातमधल्या कारखान्यात बनते. आता नीट बघा. त्या वेळी बलेनोवर स्टँडर्ड वॉरंटी होती २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर. त्याच बनावटीच्या ग्लान्झावर टोयोटाने दिली ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर. लोखंड तेच, कामगार तेच, पण कागदावरचं वचन दुपटीहून मोठं. पुढे जुलै २०२४ मध्ये मारुतीनेही आपली वॉरंटी ३ वर्षं, १ लाख किलोमीटर केली.

यातून काय कळतं? वॉरंटी ही नुसती पार्टच्या मजबुतीवर ठरत नाही. कंपनी किती धोका स्वतःच्या अंगावर घ्यायला तयार आहे, त्यावर ठरते. तो धोका कंपनीने घेतला नाही, तर तो तुमच्या खिशावर येतो.

तिसरं उदाहरण आपल्या पुण्याजवळच्या चाकणचं. तिथे स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन एकाच कारखान्यात तयार होतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपने या गाड्यांच्या धडक-चाचणीचा निकाल जाहीर केला, तेव्हा दोघींनाही पाच स्टार मिळाले. सांगाडा एकच असेल, तर धडकेत तो सारखाच वागणार. लोगो बघून पत्रा जाड होत नाही.

बाहेर काय होतं?

अमेरिकेत हा वाद पिकअपवरूनच जुना आहे. जनरल मोटर्स एकाच ग्रुपमध्ये शेव्हरोले सिल्व्हरॅडो आणि जीएमसी सिएरा हे दोन पिकअप विकते. इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनच्या कारखान्यात दोन्ही बनतात. चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स यांत मोठा फरक नाही. फरक आहे तो समोरच्या जाळीत, सीटच्या कापडात, सोयींत आणि किमतीत. सिएराला थोडी श्रीमंत गाडी म्हणून मांडतात, त्यामुळे सुरुवातीची किंमत जास्त.

उलटं उदाहरणही आहे. मर्सिडीजने २०१७ मध्ये 'एक्स-क्लास' नावाचा पिकअप आणला. आत निसान नवाराचा पाया होता, आणि युरोपसाठी तो निसानच्याच बार्सिलोनाच्या कारखान्यात बनायचा. मर्सिडीजने आतली सजावट, सस्पेन्शन बदललं, पण गिऱ्हाईकाला एवढी जास्त किंमत पटली नाही. २०२० मध्ये गाडी बंद झाली. मर्सिडीजसारखा लोगो असूनही. मोठा लोगो म्हणजे चांगली विक्री किंवा चांगला रिसेल, असं गृहीत धरू नका.

मग फरक नक्की कुठे शोधायचा?

दोन गाड्या आतून सारख्या असल्या तरी या सहा जागा तपासा.

१. इंजिनचं सेटिंग. हॉर्सपॉवर आणि टॉर्क दोन्ही ब्रोशरमध्ये असतात. मालवाहू गाडीला टॉर्क जास्त महत्त्वाचा, कारण भरलेली गाडी चढावर ओढायची असते.

२. बाहेरून घेतलेले पार्ट. टायर, बॅटरी, सीट, हेडलाइट, म्युझिक सिस्टिम हे कंपनी दुसऱ्याकडून घेते. इथे एका लोगोत वेगळा पुरवठादार असू शकतो. टायरचं नाव आणि साइज स्वतः वाचा.

३. गाडी बनल्याचा महिना. यार्डात आठ-दहा महिने उन्हात उभी राहिलेली गाडी आणि गेल्या महिन्यात आलेली गाडी, दोन्ही नव्याच. पण टायर, बॅटरी, रबर यांचं आयुष्य उभ्या उभ्याही कमी होतं. बिल करायच्या आधी बनल्याचा महिना-वर्ष विचारा आणि गाडीवरच्या प्लेटशी जुळवा.

४. डिलिव्हरीआधीची तपासणी. गाडी कारखान्यातून आल्यावर डीलर ती तपासून देतो. हे काम डीलरगणिक वेगळं होतं. एकाच कंपनीचे दोन डीलरही सारखे नसतात.

५. वॉरंटीचा कागद. किती वर्षं हे सगळे विचारतात. कशावर नाही, हे कुणी विचारत नाही. क्लच, ब्रेक लायनर, रबरचे पार्ट बहुतेक वेळा वॉरंटीत नसतात. ओव्हरलोड केलेल्या गाडीचा दावा नाकारला जाऊ शकतो. हा कागद घरी आणून शांतपणे वाचा.

६. पार्टचा भाव. आतला पार्ट एकच असला तरी दोन कंपन्यांच्या खोक्यात दोन भाव असू शकतात. आणि बंपर, समोरची जाळी, लाइट हे तर वेगळेच असतात. आपल्या रस्त्यावर आधी तुटतात तेही हेच.

एक छोटी ट्रिक लक्षात ठेवा. चेसिस नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. त्यातले पहिले तीन म्हणजे बनवणाऱ्याची खूण. उदाहरणार्थ, टाटा मोटर्सच्या नंबरची सुरुवात 'एमएटी'ने होते आणि मारुती सुझुकीची 'एमए३'ने. लोगो कुठलाही असो, गाडीचं जन्मगाव शोधायला सुरुवात इथून करा.

उलटा सापळा: दिसायला एक, आतून वेगळ्या

आपल्या भागात याच सापळ्यात जास्त लोक अडकू शकतात. एकाच कंपनीची, एकाच नावाची गाडी असते, दिसायलाही जवळजवळ तीच. पण व्हेरिएंट वेगळं, म्हणजे पाटे वेगळे, टायर वेगळे, वजन नेण्याची क्षमता वेगळी.

महिंद्राची बोलेरो मॅक्स पिकअपची २०२३ ची रेंज घ्या. त्यात १.३ टनापासून २ टनापर्यंतचे प्रकार आहेत. टाटा इंट्रामध्ये व्ही१० सुमारे १ टन, व्ही३० १.३ टन आणि व्ही५० १.५ टन. रस्त्यावर लांबून बघितलं तर आपण सगळ्यांना 'पिकअप' किंवा 'छोटा हत्ती' म्हणून मोकळे होतो. पण सोयाबीनची पोती भरायला लागल्यावर फरक कळतो. मित्राची गाडी दीड टन आरामात नेते आणि तुमची त्याच ओझ्याला मागून बसते. मग आपण म्हणतो, "माझ्या गाडीची क्वालिटी खराब आहे." क्वालिटी खराब नसते, व्हेरिएंट चुकलेलं असतं.

म्हणून नाव बघू नका, आरसी बुकवरचे दोन आकडे बघा: गाडीचं मालासकट एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन. दोन्हीतला फरक म्हणजे तुमची कायदेशीर क्षमता. आणि हो, हौद्यावर तुम्ही लोखंडी जाळी, ताडपत्रीचा सांगाडा चढवला, तर त्याचंही वजन याच क्षमतेतून जातं. दीडशे किलोचा सांगाडा म्हणजे पन्नास किलोची तीन पोती कमी.

आता हिशोब करू

समजा दोन जुळ्या गाड्या आहेत, 'अ' आणि 'ब'. 'ब' २५,००० रुपयांनी स्वस्त आहे. 'अ'ची सर्व्हिस परभणीत होते. 'ब'साठी नांदेडला किंवा त्याहून लांब जावं लागतं. खालचे आकडे फक्त पद्धत समजायला आहेत, तुम्ही तुमचे टाका.

डिझेल आणि ड्रायव्हर वजा जाता दिवसाला १,२०० रुपये सुटतात असं धरू.

'अ' वर्षातून चार सर्व्हिसला अर्धा-अर्धा दिवस उभी राहते, म्हणजे २ दिवस. पार्टसाठी आणखी २ दिवस. एकूण ४.

'ब' चार सर्व्हिसला पूर्ण दिवस घेते, म्हणजे ४ दिवस. पार्ट यायला वेळ लागतो, त्याचे ६ दिवस. एकूण १०.

फरक ६ दिवसांचा. ६ गुणिले १,२०० म्हणजे वर्षाला ७,२०० रुपये. शिवाय सर्व्हिसला जाऊन-येऊन दर वेळी १५० किलोमीटर जास्त, चार वेळा ६०० किलोमीटर. लिटरला १२ चं ॲव्हरेज आणि ९० रुपये डिझेल धरलं तर ५० लिटरचे ४,५०० रुपये. एकूण ११,७०० रुपये वर्षाला. पाच वर्षांत ५८,५००. त्यातून सुरुवातीला वाचवलेले २५,००० वजा करा. 'स्वस्त' गाडी ३३,५०० रुपयांनी महाग पडली. आणि इंजिन तेच होतं!

आता हेच उलटंही होऊ शकतं. 'ब'चा डीलर तुमच्या जवळ असेल, तर 'ब' घ्या आणि २५,००० खिशात टाका. मी कुठल्याच लोगोच्या बाजूने नाही. कागद-पेन घेऊन बसा, एवढंच म्हणतो.

एक गोष्ट मात्र या हिशोबात बसत नाही. सगळे उभे दिवस सारखे नसतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोयाबीन आणि कापूस निघतो, तेव्हा शेतकरी तुमच्या गाडीसाठी दोन दिवस थांबत नाही. तो दुसऱ्याला फोन करतो. त्या दिवसाचं भाडं तर जातंच, पण पुढच्या वर्षी त्याचा फोन आधी दुसऱ्यालाच जातो.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे वाचाच

नव्या गाडीत कमी नावाजलेला लोगो ही थोडी रिस्क असते. जुन्या गाडीत तोच लोगो संधी असू शकतो. दोन जुळ्या गाड्यांपैकी जिचं नाव कमी, तिचा भाव बाजारात अनेकदा कमी लागतो. आतला फिल्टर, क्लच, ब्रेक दुसऱ्या भावंडाचा बसत असेल, तर तुम्हाला तीच मशीन कमी पैशात मिळते.

पण 'बसतो' हे एजंटच्या तोंडून ऐकून चालणार नाही. तुमच्या मिस्त्रीला घेऊन जा आणि पार्ट नंबर जुळवून बघा. आणि लक्षात ठेवा, विकताना तुम्हालाही कमीच भाव येणार. म्हणून अशी गाडी दीर्घकाळ चालवायची तयारी असेल तरच घ्या.

शोरूमला जाण्याआधीचा गृहपाठ

एक. दहा पार्टची यादी करा: क्लच प्लेट, ब्रेक लायनर, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, हेडलाइट, साइड आरसा, पुढची काच, बंपर, पाटे. दोन्ही कंपन्यांच्या पार्ट काउंटरवर भाव विचारा. सेल्समनला नको, पार्ट काउंटरवरच्या माणसाला विचारा. "आज आहे का? नसेल तर किती दिवसांत येईल?" हेही लिहून घ्या.

दोन. मोंढ्यात किंवा ट्रान्सपोर्टच्या अड्ड्यावर जाऊन तीच गाडी चालवणाऱ्या तीन ड्रायव्हरांना भेटा. "गाडी कशी आहे?" असं विचारू नका, सगळे "चांगली आहे" म्हणतात. "मागच्या वर्षी किती दिवस उभी होती, आणि कशामुळे?" असं विचारा.

तीन. गावातल्या मिस्त्रीला विचारा, या गाडीचं काम तू करतोस का? वॉरंटी संपल्यावर तोच तुमचं सर्व्हिस सेंटर असणार आहे.

चार. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे जाऊन पाच वर्षं जुन्या 'अ' आणि 'ब'चा भाव विचारा. घेणारा म्हणून एकदा, विकणारा म्हणून एकदा. दोन्ही आकडे लिहा.

पाच. वरचा उभ्या दिवसांचा हिशोब तुमच्या आकड्यांनी करा आणि घरच्यांसमोर ठेवा. ज्यांची सही कर्जाच्या कागदावर आहे, त्यांना हा कागद आधी दिसला पाहिजे.

या पाच कामांना दोन-तीन दिवस आणि थोडं पेट्रोल लागेल. पाच वर्षांच्या हप्त्यापुढे हे काहीच नाही. हे केल्यावर शोरूममध्ये कुणी म्हणालं, "आमची गाडी तीच आहे, पण क्वालिटी वेगळी", तर तुमच्याकडे एकच प्रश्न असेल: "कुठे वेगळी, ते या कागदावर दाखवा."

पुढच्या व्हिडिओत आपण याच गाडीचं भाडं कसं ठरवायचं, किलोमीटरवर की फेरीवर, ते बघू. तोपर्यंत दहा पार्टची यादी तयार करून ठेवा. भेटू!